जपानी छापचित्रांतील कविता आणि निसर्ग यांचे नाते कसे पाहावे?

पानगळ:

नमस्कार मंडळी,

जपानमधील लाकडी ठशांच्या छापचित्रांविषयी एक शंका बरेच दिवस मनात आहे आणि ती जाणकारांपुढे ठेवण्यासाठी हा धागा काढत आहे. शिकागोचे आर्ट इन्स्टिट्यूट आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय यांनी आपल्याकडील जुन्या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा संकेतस्थळांवर सर्वांसाठी विनामूल्य खुल्या केलेल्या असल्यामुळे होकुसाई आणि हिरोशिगे या एकोणिसाव्या शतकातील चित्रकारांची चित्रे घरबसल्या, अगदी कागदाचा पोत दिसेपर्यंत, मोठी करून पाहता येतात. तशी ती पाहताना लक्षात आले की, यांतल्या कितीतरी चित्रांच्या एका कोपऱ्यात चौकट आखून तिच्यात कविता लिहिलेली असते; संग्रहालयाच्या टिपणातून तिचा अर्थ कळतो, पण चित्राशी तिचे नाते मात्र चटकन जुळत नाही.

उदाहरणादाखल होकुसाईचे एक चित्र घेऊ. ते काकिनोमोतो नो हितोमारो या प्राचीन कवीच्या कवितेवर आहे. कवितेचा आशय असा की, डोंगरातल्या फेझंट पक्ष्याची खाली लोंबणारी शेपूट जशी लांबच लांब, तशी ही लांबलेली रात्र मी एकट्याने कशी काढावी? चित्रात पाहावे तर ना तो पक्षी आहे, ना विरहाने तळमळणारा प्रियकर. काही कोळी ओढ्याच्या पाण्यातून जाळे ओढत चालले आहेत, धुराचा एक मोठा लोट वळण घेत वर चढतो आहे आणि वरच्या अंगाला एका झोपडीत कोणी एक जण बसलेला दिसतो. हे चित्र त्या कवितेचे कसे ठरते?

आपल्याकडील रागमाला चित्रांत माथ्यावर लिहिलेले पद्य आणि खालचे चित्र यांची सांगड बरीच सरळ असते. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या हायकूच्या वाचनामुळे जपानी कविता थोडक्यात बोलते आणि बरेचसे वाचकावर सोपवते, एवढे मला ठाऊक आहे. परंतु चित्रकारानेही तसेच करावे हे नवे वाटते. म्हणून विचारावेसे वाटते की, जपानी वाचता न येणाऱ्याने ही चित्रे कोणत्या क्रमाने पाहावीत, आधी कविता समजून घ्यावी की आधी चित्र? आणि विसाव्या शतकातील कावासे हासुई यांच्यासारख्या चित्रकारांच्या निसर्गचित्रांवर कविता मुळीच दिसत नाही, तर ती याच परंपरेतली मानावीत का?


देवदार:

आपण निवडलेले चित्र या प्रश्नाला फार चांगले लागू पडते, कारण ते ज्या मालिकेतील आहे तिच्यात कविता आणि चित्र यांच्यामधले अंतर होकुसाईने मुद्दाम वाढवलेले आहे.

त्या मालिकेच्या मुळाशी असलेला काव्यसंग्रह फुजिवारा नो तेइका याने १२३५ च्या सुमारास सिद्ध केला. शंभर कवी आणि प्रत्येकाची एकच कविता, अशी त्याची रचना आहे. या सर्व कविता ‘वाका’ प्रकारातील, म्हणजे पाच, सात, पाच, सात, सात अशा एकतीस अक्षरांच्या आहेत. एदो काळापर्यंत (सतरावे ते एकोणिसावे शतक) हा संग्रह केवळ पंडितांचा राहिलेला नव्हता. त्यावरून पत्त्यांचा एक खेळ तयार झाला होता आणि तो नववर्षाच्या दिवसांत घरोघरी खेळला जाई. एकाने कविता वाचायला लागायचे आणि बाकीच्यांनी त्या कवितेच्या उत्तरार्धाचा पत्ता समोरच्या पत्त्यांतून सर्वांआधी उचलायचा. जो पहिल्या काही अक्षरांवरून कविता ओळखतो तोच जिंकतो. त्यामुळे होकुसाईची चित्रे विकत घेणाऱ्या सामान्य शहरवासीयालाही या कविता पाठ असण्याचा संभव मोठा होता, आणि जी गोष्ट गिऱ्हाइकाला तोंडपाठ आहे तीच पुन्हा चित्रात काढून दाखवण्याची चित्रकाराला गरज नव्हती.

होकुसाईने ही मालिका १८३५ च्या सुमारास हाती घेतली तेव्हा तो पंचाहत्तरीला आलेला होता. मालिकेच्या नावातच त्याने अशी कल्पना मांडली आहे की, घरातील मुलांना सांभाळणारी एक दाई या शंभर कविता चित्रांच्या आधाराने समजावून सांगत आहे. दाई म्हणजे दरबारात न वावरलेली, कष्टकऱ्यांचे जग जवळून पाहिलेली बाई. तिच्या नजरेतून पाहिल्यावर सम्राट आणि सरदार यांच्या कवितांत शेतकरी, कोळी, शिकारी आणि भोई येतात, आणि ते केवळ पार्श्वभूमीला उभे राहत नाहीत. चित्र त्यांचेच होऊन जाते. दाईची ही कल्पना होकुसाईने गमतीसाठी योजली की त्यामागे त्याची श्रमिकांविषयीची आस्था होती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझे स्वतःचे मत दुसऱ्या बाजूला झुकते, कारण या चित्रांतील माणसांच्या पाठी, पोटऱ्या आणि ओझ्याखाली वाकलेले खांदे इतक्या ममतेने काढलेले आहेत की, त्यांत थट्टेचा सूर मला आढळत नाही.

आता हितोमारोच्या चित्राकडे येऊ. फेझंटची नर-मादी रात्री दरीच्या दोन बाजूंना वेगवेगळी झोपतात, असा जुन्या जपानी काव्यात संकेत होता. म्हणून शेपटीची लांबी, रात्रीची लांबी आणि विरह या तीन गोष्टी कवीने एका ओळीत गुंफल्या. होकुसाईने पक्षी सोडून दिला आणि लांबी तेवढी ठेवली. वळत वळत वर जाणारा धूर पाहा, माणसांनी ओढत नेलेले जाळे पाहा, ओढ्याची वाट पाहा. डोळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खेचला जातो आणि त्याला मध्ये कोठे विसावा मिळत नाही. झोपडीतली व्यक्ती कवी आहे असे मानले, तर त्याच्या न सरणाऱ्या रात्रीचे माप खाली कष्ट करणाऱ्या कोळ्यांच्या रात्रीने घेतलेले आहे. कवितेतील उपमेची रेषा चित्रात उतरली, उपमेतील वस्तू उतरली नाही.

याच मालिकेतील आणखी दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. फुजिवारा नो मिचिनोबुच्या कवितेत रात्र प्रियेच्या सहवासात काढलेला पुरुष म्हणतो की, उजाडले की पुन्हा मावळणार हे ठाऊक असूनही ही पहाट मला नकोशी वाटते. होकुसाईने या दरबारी प्रियकराच्या जागी एदो (आजचे टोकियो) शहराच्या योशिवारा या वेश्यावस्तीतून पहाटे घरी परतणारी गिऱ्हाइके आणि त्यांच्या पालख्या घेऊन धावणारे भोई काढले. पहाट नकोशी होण्याचे कारण तेच राहिले, पण आठशे वर्षांचे अंतर एका पावलात ओलांडले गेले. दुसरे चित्र मिनामोतो नो मुनेयुकीच्या कवितेवरचे. डोंगरातल्या गावाचे एकाकीपण हिवाळ्यात वाढते, माणसांची ये-जा थांबते आणि गवतही सुकून जाते, असे ती कविता सांगते. चित्रात मात्र बर्फात पेटवलेल्या मोठ्या शेकोटीभोवती शिकारी दाटीवाटीने ऊब घेत आहेत. पहिल्यांदा पाहताना हा विरोध खटकतो. नंतर ध्यानात येते की, भोवतीचा उजाड बर्फ किती थंड आणि किती निर्मनुष्य आहे हे त्या माणसांच्या एकमेकांना खेटून बसण्यानेच कळते.

आपण क्रमाबद्दल विचारले आहे. या मालिकेपुरते माझे उत्तर असे की, आधी कविता नीट समजून घ्यावी, ती काही वेळ मनात घोळवावी आणि मगच चित्र उघडावे, कारण मूळ प्रेक्षक याच क्रमाने चित्रापर्यंत येत असे. दुर्दैवाने ही मालिका पुरी झाली नाही. पहिली पाच चित्रे निशिमुराया योहाचि या प्रकाशकाने काढली, पुढची इसेया सान्जिरो याने काढली, आणि छापून निघालेली सत्तावीस चित्रेच आज माहीत आहेत. तो दुष्काळाचा काळ होता. १८३३ पासून पुढची काही वर्षे देशात पिके बुडत होती आणि छापचित्रांचा बाजारही मंदावलेला होता.


तळ्याकाठी:

वरील प्रतिसाद अतिशय आवडला. त्याला हिरोशिगेच्या बाजूने जोड देतो, कारण तेथे कविता आणि चित्र यांचे नाते निराळ्या वाटेने जाते आणि निसर्ग हाच मुख्य विषय होतो.

क्योतोच्या पूर्वेला बिवा नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. जुन्या ओमी प्रांतातील या सरोवराच्या काठची आठ दृश्ये काव्यात आणि चित्रकलेत ठरून गेलेली होती: इशियामाचा शरदातील चंद्र, हिरा डोंगरावरचे संध्याकाळचे बर्फ, सेताचा संधिप्रकाश, मिइ मंदिराची सांजघंटा, यबासेकडे परतणारी शिडे, आवाझुची निवळलेली हवा, कारासाकीचा रात्रीचा पाऊस आणि काताता येथे उतरणारे हंस. यांतले प्रत्येक दृश्य म्हणजे एक ठिकाण आणि त्या ठिकाणाची एक विशिष्ट वेळ किंवा हवा यांची जोडी आहे. ही कल्पना मूळची चिनी. अकराव्या शतकात सोंग दी या चिनी अधिकाऱ्याने शियाओ आणि शियांग या नद्यांच्या परिसराची अशीच आठ दृश्ये रंगवली, त्यांवर कविता झाल्या, झेन भिक्षूंच्या द्वारे हा विषय जपानात पोहोचला आणि जपानी कवींनी आठही विषय आपल्या सरोवराच्या काठी आणून बसवले. पुढे तर हारुनोबु या चित्रकाराने १७६६ च्या सुमारास ही आठ दृश्ये घराच्या दिवाणखान्यात आणली: यांत्रिक घड्याळाचे टोल म्हणजे सांजघंटा, आणि कोतो वाद्याच्या तारांखालच्या तिरप्या ओळीत मांडलेल्या घोड्या म्हणजे उतरणारे हंस. आठांची यादी लोकांच्या मनात इतकी पक्की असल्याशिवाय असे चित्र कोणाला समजले नसते.

हिरोशिगेने ओमीची ही मालिका १८३४ च्या सुमारास केली आणि प्रत्येक चित्रावर त्या दृश्याची परंपरेने चालत आलेली कविता चौकटीत दिली. त्यातले कारासाकीच्या रात्रीच्या पावसाचे चित्र मी सर्वांत श्रेष्ठ मानतो. सरोवराच्या काठी एक प्रचंड, पुरातन पाइन वृक्ष होता, त्याच्या फांद्या खांबांच्या आधाराने दूरवर पसरलेल्या असत. चित्रात तो वृक्ष डोंगरासारखा काळाभोर दिसतो, वरून पाऊस कोसळतो आहे आणि माणूस कोठेही नाही.

या चित्रावरच्या कवितेचा आशय असा आहे की, कारासाकीच्या पाइनने आपला आवाज रात्रीच्या पावसाला देऊन टाकला आणि संध्याकाळच्या वाऱ्याला बाजूला ठेवून तो कीर्ती मिळवून राहिला. जपानी काव्यात पाइन वृक्ष आणि वारा यांची जोडी फार जुनी आहे. पाइनच्या सुयांमधून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज ऐकणे हा तेथील कवींचा आवडीचा विषय. या कवितेत मात्र तो वारा दूर सारलेला आहे आणि फक्त पाऊस वाजतो आहे. आता चित्रातील पावसाच्या रेषा पाहाव्यात. त्या जवळजवळ सरळ, उभ्या पडलेल्या आहेत. हिरोशिगेने इतरत्र अनेक ठिकाणी पाऊस तिरपा काढला आहे. शोनो येथील सरीचे त्याचे प्रसिद्ध चित्र आठवावे, ज्यात बांबूची बने वाऱ्याने वाकलेली आहेत आणि माणसे डोकी खाली घालून उतारावर धावत आहेत. कारासाकीला पाऊस उभा आहे, कारण तेथे वारा नाही, आणि तेथे वारा नाही हे कवितेने सांगितलेले आहे. कविता वाचली नाही तरी हे चित्र भव्यच वाटते. पण वाचल्यावर त्यातला आवाज ऐकू येतो, आणि ज्याला आपण केवळ चित्रकाराची शैली समजत होतो तो वाचनातून घेतलेला निर्णय आहे हे कळते.

म्हणून क्रमाच्या बाबतीत माझे मत देवदार यांच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. हिरोशिगेच्या बाबतीत आधी चित्रासमोर बसावे, त्यातली वेळ कोणती, हवा कशी, वारा कोठून आहे हे पाहावे, आणि मग कविता वाचून पुन्हा चित्राकडे यावे.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. हिरोशिगेची पक्षी-फुलांची अनेक चित्रे उंच आणि अरुंद कागदावर आहेत. कविता लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कागदाच्या पट्टीचाच तो आकार आहे, त्यामुळे ते चित्र हातात घेताना त्या काळच्या माणसाला आपण कविताच हाती घेत आहोत असे वाटत असणार. पूर्ण चंद्रावरून खाली झेपावणारे तीन हंस असलेले त्याचे चित्र जपानने १९४९ मध्ये टपाल तिकिटावर घेतले. अशी रात्र पुन्हा कधी येईल का, एवढेच त्यावरची छोटी कविता विचारते.


पानगळ:

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. पावसाच्या रेषा उभ्या का, हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता. आता दोन्ही चित्रे शेजारी उघडून बसले आहे.

यावरून आणखी एक विचारावेसे वाटते. कवितेची अक्षरे इतकी वळणदार, एकमेकांत गुंतलेली आणि कोठे जाड तर कोठे केसासारखी बारीक असतात की, ती कुंचल्याने थेट कागदावर लिहिल्यासारखी दिसतात. ती खरोखरच लाकडात कोरलेली असतात का? आणि ती लिहिणारा चित्रकारच असे का?


बोरूटाक:

मी स्वतः मुद्राचित्रण करतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देण्याची परवानगी असावी. होय, प्रत्येक अक्षर लाकडातच कोरलेले असते.

जपानी छापचित्र हे चार पक्षांचे काम होते: भांडवल घालणारा आणि विषय ठरवणारा प्रकाशक, रेखाटन करणारा चित्रकार, ठसा कोरणारा कारागीर आणि छापणारा कारागीर. अक्षरे पुष्कळदा चित्रकाराऐवजी सुलेखनात तरबेज असलेल्या वेगळ्या माणसाकडून लिहून घेतली जात. चित्र आणि लेखन पातळ कागदावर तयार झाले की, तो कागद रानचेरीच्या गुळगुळीत फळीवर पालथा चिकटवत आणि मागचे तंतू हळूहळू चोळून काढत, म्हणजे उलटी झालेली रेषा लाकडावर स्पष्ट दिसू लागे. मग कोरणारा धारदार सुरीने रेषेच्या दोन्ही अंगांना छेद घेई आणि उरलेली जागा पटाशीने साफ करी. लक्षात घ्यावे की, शाई उमटते ती उंच ठेवलेल्या लाकडावरून. म्हणजे कारासाकीच्या पावसातील प्रत्येक रेषा ही तासून न काढलेली, उभी राखलेली लाकडाची एक बारीकशी भिंत आहे. अक्षराच्या बाबतीत तर कुंचला कागदावर टेकताना पडलेला ठिपका, उचलताना निमुळती झालेली शेपटी आणि मधले हलके पडलेले वळण हे सर्व कोरणाऱ्याला उलट्या प्रतिमेत जपावे लागे. चेरीचे लाकूड घट्ट आणि एकसारख्या दाण्याचे असल्यामुळेच ते शक्य होते. कोरणाऱ्यांमध्येही उतरंड होती. चेहरे आणि केस अनुभवी हाताकडे, तर मोठे रंगाचे भाग शिकाऊ हाताकडे जात.

या पद्धतीचा एक परिणाम असा की, कोरताना मूळ रेखाटन नष्ट होते. देवदार यांनी होकुसाईच्या अपुऱ्या राहिलेल्या मालिकेचा उल्लेख केला आहे. तिच्यासाठी होकुसाईने स्वतः केलेली साठहून अधिक रेखाटने आज वेगवेगळ्या संग्रहांत आहेत, आणि ती टिकली ती केवळ कोरली गेली नाहीत म्हणून. जी चित्रे छापून आली त्यांची रेखाटने फळीवरच संपली. मालिका बंद पडण्याचे दुःख एका बाजूला, आणि होकुसाईच्या हातची मूळ रेषा त्यामुळेच आपल्याला पाहायला मिळते ही गोष्ट दुसऱ्या बाजूला. मला या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

छपाईविषयीही थोडे सांगतो, कारण निसर्गचित्रातील हवा तेथे तयार होते. प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी असे. सर्व फळ्यांवर एकाच ठिकाणी कोरलेल्या खुणांच्या आधाराने ओलसर कागद बसवला जाई, रंग कुंचल्याने फळीवर पसरून त्यात थोडी भाताची खळ मिसळली जाई, आणि बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या चपट्या, गोल गादीने कागदाची पाठ हाताने घासली जाई. यंत्राचा दाब कोठेच नाही. आकाशाच्या वरच्या कडेला गडद निळा आणि खाली येताना तो विरत जाणारा, असे जे दिसते ते फळीवर कोरलेले नसते. छापणारा दर प्रतीच्या वेळी ओल्या फडक्याने आणि कुंचल्याने तो उतार फळीवर नव्याने घडवतो. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींत संध्याकाळ वेगळी असू शकते. प्रशियन निळा हा रंग १८३० च्या सुमारास जपानी छापचित्रांत सर्रास वापरला जाऊ लागला, आणि होकुसाई-हिरोशिगे यांच्या पाण्याला आणि आकाशाला खोली आली ती बऱ्याच अंशी त्यामुळे. आधीचे वनस्पतिजन्य निळे फिके पडत किंवा असे उतार त्यांत नीट साधत नसत.

पानगळ, आपण प्रतिमा मोठ्या करून पाहतच आहात, तर संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर एकाच चित्राच्या दोन-तीन प्रती शोधून शेजारी ठेवाव्यात. सुरुवातीच्या प्रतींत अक्षरांच्या आणि पावसाच्या रेषा सलग व टोकदार असतात, पुढच्या प्रतींत ठसा झिजल्यामुळे त्या तुटतात किंवा जाड होतात.


माळरान:

चर्चा फार मोलाची होत आहे. एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आतापर्यंतच्या उदाहरणांत कविता आधीची आणि चित्र नंतरचे, असा क्रम आहे. परंतु कवी आणि चित्रकार समकालीन असून एकाच बैठकीत बसणारे आहेत, असाही एक मोठा भाग या कलेत आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एदोमध्ये ‘क्योका’ या हलक्याफुलक्या एकतीस-अक्षरी कवितेची मंडळे भरभराटीला आली होती. त्यांत सामुराई, व्यापारी, खाणावळीचे मालक असे सर्व थरांतील लोक असत. ही मंडळे नववर्षासारख्या प्रसंगी सदस्यांच्या कविता चित्रासह खासगीरीत्या छापून घेत आणि आपसांत वाटत. ही चित्रे विक्रीसाठी नसल्याने खर्चाचा विचार नसे. जाड, मऊ कागद, धातूची पूड, रंगाविना नुसत्या दाबाने उठवलेली नक्षी, असे सर्व काही त्यांत येई. होक्केई, गाकुतेई, शुन्मान या चित्रकारांची उत्तम कामे या प्रकारात आहेत.

याच वातावरणातून उतामारोचे कीटकांचे चित्रपुस्तक १७८८ मध्ये निघाले. प्रकाशक होता त्सुताया जुझाबुरो आणि कवितांची जुळवाजुळव केली ती ईशिकावा मासामोचि याने. सुंदर स्त्रियांचा चित्रकार म्हणून उतामारो जगभर ओळखला जातो, पण ज्यांनी हे पुस्तक पाहिले नाही त्यांनी तो अर्धाच पाहिला असे मी आग्रहाने म्हणेन. पंधरा जोडपानांवर गवत, फुले, वेली आणि त्यांच्यामधले कीटक आहेत: खसखशीच्या फुलांपाशी चतुर आणि फुलपाखरू, कमळाच्या पानावर बेडूक आणि चकाकणारा भुंगेरा. प्रत्येक पानावर दोन कविता आहेत आणि प्रत्येकीत कीटकाच्या निमित्ताने प्रेमाची गोष्ट सांगितली आहे. कविता खेळकर, खट्याळ आहेत. चित्रे मात्र पूर्णपणे गंभीर निरीक्षणाची आहेत, पंखांच्या शिरा आणि पानांच्या कुरतडलेल्या कडा यांसह. उतामारोचा गुरू तोरियामा सेकिएन याने पुस्तकाच्या शेवटी लिहिले आहे की, हा लहानपणी चतुराला दोरा बांधून आणि नाकतोड्याला तळहातावर घेऊन तासन् तास पाहत बसे. येथे कविता आणि चित्र एकमेकांचा अर्थ सांगत नाहीत. दोघांची नजर एकाच किड्यावर आहे, एवढेच त्यांचे नाते, आणि मला ते पुरेसे वाटते.

म्हणून क्रमाचा एकच नियम करू नये. चित्र कोणासाठी छापले होते हे आधी पाहावे: संग्रह पाठ असलेल्या गिऱ्हाइकासाठी, प्रवासाची ओढ असलेल्या शहरवासीयासाठी की कविमंडळाच्या सदस्यांसाठी. त्यावरून कविता किती उघडी ठेवलेली आहे हे कळते.


तळ्याकाठी:

पानगळ यांच्या हासुईविषयीच्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले आहे, म्हणून पुन्हा लिहितो.

कवितेची प्रथा एदो काळानंतरच्या मेजी काळातही (१८६८ ते १९१२) लगेच थांबली नव्हती. योशितोशि या चित्रकाराने १८८५ ते १८९२ या वर्षांत चंद्रावर शंभर चित्रांची मालिका केली आणि तिच्यात काव्य, नाट्य आणि इतिहास सतत मिसळलेले आहेत. इशियामा येथे चंद्राकडे पाहत बसलेली प्राचीन लेखिका मुरासाकी शिकिबु हे त्यातले एक चित्र, म्हणजे ओमीच्या आठ दृश्यांपैकी एकाकडे पुन्हा वळणे झाले. विसाव्या शतकात वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने जुन्या श्रमविभागणीने नवी छापचित्रे काढण्यास सुरुवात केली, तेव्हा चौकटीतली कविता बहुतेक गेली. हासुईचे शिबा येथील झोजोजि मंदिराचे १९२५ चे चित्र घ्या: लाल मंदिर, जोराचे बर्फ आणि छत्री सावरत चाललेली एक स्त्री. अक्षर नाही, तरीही हे दृश्य ज्या वेळेत आणि ज्या हवेत निवडले आहे ती निवड आठ दृश्यांच्या कवींनी शिकवलेली आहे. संध्याकाळचे बर्फ, रात्रीचा पाऊस, शरदाचा चंद्र हे हासुईचे नेहमीचे विषय, आणि ते त्याला वारशाने मिळालेले होते. त्यामुळे ती चित्रे याच परंपरेतली मानावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठी वाचकांना जवळचा वाटेल असा याच पिढीतील चित्रकार म्हणजे योशिदा हिरोशी. १९३०-३१ मध्ये त्याने भारताचा प्रवास केला आणि परतल्यावर केलेल्या छापचित्रांत ताजमहाल, उदयपूर, वाराणसी यांच्याबरोबर अजिंठ्याचे लेणेही आहे. चित्रकाराने आराखडा देऊन बाजूला व्हावे हे त्याला मान्य नव्हते; कोरणे आणि छापणे यांवर तो स्वतः देखरेख करी. सेतो अंतर्गत समुद्रातील शिडाच्या होड्यांचे त्याचे १९२६ चे चित्र पाहावे. तेच ठसे वापरून त्याने सकाळ, दुपार, धुके, संध्याकाळ आणि रात्र अशी निरनिराळी चित्रे केवळ रंग बदलून छापली आहेत. यबासेकडे परतणाऱ्या शिडांचे हिरोशिगेचे चित्र त्यांच्या शेजारी उघडून ठेवावे, आणि बोरूटाक यांनी सांगितलेले रंगाचे उतार दोन्हींत कोठे कसे घातले आहेत ते ताडून पाहावे.